लाल दिव्याला थांबू नका, असे पाहुण्यांना सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाहेरगावच्या चालकांनी नाशिकमध्ये गाडी कशी चालवावी, याचा जो विनोदी सल्ला कालच्या अंकात आपण छापला आहे, तो वाचून मला हसू आले नाही. लेखकाची भाषा चुरचुरीत आहे आणि द्वारका चौकाचे वर्णन तंतोतंत उतरले आहे, हे मी मान्य करतो. परंतु ‘लाल दिव्याला थांबू नका, मागचा ठोकेल’ हे वाक्य आमच्या घरात घडून गेलेले आहे, आणि ते चौकटीत ठळक छापलेले पाहून माझ्या पत्नीने पेपर घडी करून बाजूला ठेवला.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात माझे मेहुणे सासूबाईंच्या अस्थी घेऊन जळगावहून स्वतःच्या गाडीने रामकुंडावर येत होते. आडगाव नाक्याकडून निमाणीकडे येताना एका सिग्नलला दिवा लाल झाला, म्हणून ते पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबले. मागच्या टेम्पोचालकाने ते थांबतील हे धरलेच नव्हते. धडकेने गाडी पुढे जाऊन दुभाजकाला लागली आणि वहिनींच्या मांडीवरचे अस्थींचे मडके खाली पडून फुटले. वहिनींच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले होते, तरी त्या डाव्या हाताने पायाशी सांडलेल्या अस्थी पदरात गोळा करीत राहिल्या. टेम्पोचालक उतरून मेहुण्यांना म्हणाला, ‘‘काका, नाशकात नवीन दिसता. एवढ्या सकाळी इथं कोण थांबतं?’’ जमलेल्यांपैकी दोघांनी माना डोलावल्या. ज्याने नियम पाळला तोच चुकला, असे त्या चौकात ठरून गेले.

आपल्या लेखातला सल्ला आणि त्या टेम्पोचालकाचे बोलणे यांत मला काडीचाही फरक सापडला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये लाल दिवा ओलांडणे हे धोकादायक वाहन चालवण्यात गणले जाते, आणि तीच गोष्ट वर्तमानपत्र गावची रीत म्हणून पाहुण्यांना शिकवते, याचे मला वाईट वाटते. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे मिरची चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस धडकेनंतर पेटली आणि किमान १२ जणांचा जीव गेला. तेही या शहरातून जाणारे परगावचेच लोक होते. आपणच ती बातमी छापली असेल.

पाहुण्यांना सल्ला जरूर द्यावा, पण उपयोगी पडेल असा. ज्यांना शहरात काम नाही, धुळ्याकडून थेट मुंबईला जायचे आहे, त्यांनी उड्डाणपुलावरूनच निघून जावे, द्वारकेला खाली उतरू नये, हे सांगावे. बुधवारी गोदाकाठी बाजार भरतो, तेव्हा रामकुंडाजवळ गाडी नेण्याचा हट्ट धरू नये, हे सांगावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की घाटावर लावलेली गाडी वाहून जाऊ शकते. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आले, यावरून आपण नाशिककर पुराचा अंदाज घेतो, मात्र परगावच्या माणसाला ही खूण कोण सांगणार? २०२७ च्या सिंहस्थातल्या पर्वण्यांना लाखो लोक येतील आणि त्यांतले कितीतरी प्रथमच या रस्त्यांवर गाडी चालवत असतील.

येथेच आणखी एक सांगतो. त्या दिवशी गाडी चालण्याजोगी राहिली नाही, म्हणून वहिनींना दवाखान्यात न्यायला मेहुण्यांनी रिक्षा थांबवली, तर मीटर टाकायला एकही चालक तयार झाला नाही. मोडलेला हात दिसत असताना जवळच्या अंतराचे दोनशे रुपये घेतले गेले. यावरही आपण कधीतरी लिहावे.

सासूबाईंच्या वर्षश्राद्धासाठी मेहुणे पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत. त्या सिग्नलला थांबायचे की नाही, असे त्यांनी मला परवा फोनवर खरोखर विचारले. मी त्यांना थांबायलाच सांगितले आहे, मात्र थांबण्याआधी आरशात मागे पाहून घ्या, हेही सांगावे लागले. कालच्या चौकटीच्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, लाल दिव्याला थांबावे एवढे आपण छापावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक जुना वाचक, पंचवटी, नाशिक