विषय: स्टिकरवर सेमी-ड्राय, बाटलीत ड्राय

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तिसऱ्यांदा फोन केला आणि तिसऱ्यांदा "नोंद घेतली आहे" एवढंच ऐकलं, म्हणून हे लेखी देतो आहे.

तुमच्या पणजीच्या दुकानातून मी पोर्तुगालमधल्या सेतुबाल द्वीपकल्पातल्या कास्तेलांव द्राक्षांच्या रेड वाइनच्या सहा बाटल्या घेतल्या. मागच्या स्टिकरवर ठळक छापलं होतं, "सेमी-ड्राय, मसालेदार गोवन जेवणासोबत उत्तम". आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून घरी वीस माणसं होती. विंदालू, चिकन काफ्रियाल, चवरीस पाव असा बेत होता. अशा जेवणाला थोडी गोडसर रेड हवी, म्हणूनच मी सेमी-ड्राय शोधत होतो.

पहिल्या घोटाला जीभ आवळली. विंदालूच्या घासानंतर तर तोंडात जाळ झाला. बहिणीने ग्लास बाजूला ठेवून पाणी मागितलं. पुढच्या पाहुण्यांनी बाटलीला हातच लावला नाही.

काकांनी बाटली हातात घेतली. ते १९६१ पूर्वी पणजीच्या लिसेंवमध्ये, म्हणजे तेव्हाच्या माध्यमिक शाळेत, पोर्तुगीजमधून शिकलेले आहेत. त्यांनी नखाने तुमचं स्टिकर सोललं. खाली उत्पादकाचं मूळ लेबल होतं आणि त्यावर 'सेकु', म्हणजे ड्राय, छापलेलं होतं. 'मेयु सेकु' (सेमी-ड्राय) नव्हे, 'सेकु'. अल्कोहोल १४.५ टक्के. म्हणजे उत्पादकाने खरं लिहिलं होतं आणि तुम्ही त्यावर खोटं चिकटवलंत.

हा शब्दांचा खेळ नाही. युरोपीय नियमांत सेकु म्हणजे लिटरमागे साखर ४ ग्रॅमपर्यंत, आम्लता पुरेशी असेल तर ९ पर्यंत. मेयु सेकु त्याच्या वर, १२ पर्यंत, आम्लतेच्या हिशेबाने १८ पर्यंत. ती थोडी साखरच मिरचीची धार कमी करते. साखर नसली की टॅनिनचा (द्राक्षाच्या सालीतल्या द्रव्याचा) तुरटपणा आणि अल्कोहोलची ऊब मिरचीत भर घालतात. हीच बाटली कोळशावर भाजलेल्या मटणासोबत आम्ही आनंदाने प्यायलो असतो. वाइन वाईट नाही, तुमचं स्टिकर वाईट आहे.

आता दुसऱ्या फोनचं. तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, "सर, ड्राय आणि सेमी-ड्राय एकच असतं, तुम्हाला सवय नसेल." मी गिळलं. मग त्या म्हणाल्या, "विंदालूत बटाटा घातला होता का? बटाट्याने तिखट कमी होतं." मी सांगितलं, बाई, विंदालू म्हणजे आलू नव्हे. तो पोर्तुगीजांचा 'विन्या द् आल्यूश', वाइन आणि लसूण. आल्यूश म्हणजे लसूण. मदैरा या पोर्तुगीज बेटावर नाताळात त्यासाठी मांस अजून वाइनमध्ये मुरवतात, आपल्याकडे वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं. फोन स्पीकरवर होता. काका शांतपणे म्हणाले, "लेबलावर सेकु लिहिलंय." तर उत्तर आलं, "अंकल, ते पोर्तुगीजमध्ये आहे, त्याचा अर्थ तुम्हाला कळणार नाही."

ज्या माणसाचं शालेय शिक्षण त्या भाषेत झालं, त्यांना हे ऐकवलंत. काका काही बोलले नाहीत, उठून आत गेले. मला सर्वात जास्त राग याचा आहे, पैशांचा नंतर.

पोर्तुगालची वाइन गोव्यात विकताना ग्राहकाला त्यातलं काही कळत नाही असं तुम्ही गृहीत धरलंत. दहा वर्षं तुमच्याकडूनच घेत आलो, हे लिहितानाही वाईट वाटतं. पण मूळ लेबलावर खोटं स्टिकर चिकटवणं ही चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

सात दिवसांत मला चार गोष्टी हव्या आहेत. सहाही बाटल्यांचे पैसे परत, कारण उघडलेल्या दोन प्यायच्या लायक नव्हत्या आणि चार सीलबंद आहेत. दुकानातल्या बाकी बाटल्यांवरचं ते स्टिकर काढा. ते कोणी आणि कशावरून छापलं, याचं लेखी उत्तर द्या. आणि काकांची माफी, फोनवर, त्यांच्या नावाने.

नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन. उत्पादकालाही पत्र जाईल, सोलल्यावरचा फोटो जोडून. ते काका लिहितील, पोर्तुगीजमध्ये.

बिलाची प्रत आणि सोललेलं स्टिकर सोबत जोडलं आहे.

आपला,
एक जुना ग्राहक, फोंडा