अंतराळाच्या पैशात कामगाराच्या शिक्षणाचाही वाटा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत केंद्र सरकारने अंतराळ क्षेत्रासाठी हात सैल सोडला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवउद्योगांसाठी १,००० कोटी रुपयांच्या व्हेंचर कॅपिटल (भागभांडवल पुरवणाऱ्या) निधीला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये खासगी अंतराळ उद्योगाला परवानगी आणि चालना देणाऱ्या केंद्राच्या ‘इन-स्पेस’ या संस्थेने ५०० कोटींचा तंत्रज्ञान निधी सुरू केला. त्यातून लघुउद्योगाला प्रकल्पाच्या खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते. अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांचे प्रशिक्षण आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरची मोहीम यांवर साडेपाचशे कोटींच्या आसपास खर्च झाला. यातला एकही रुपया वाया गेला असे मी म्हणणार नाही. माझी मागणी एकच आहे. परदेशी भागीदारीसाठी सरकार जो पैसा काढते, त्यातला ठरावीक वाटा कारखान्यात प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी बाजूला ठेवावा. वेल्डर, फिटर, सोल्डरिंग करणाऱ्या मुली, तपासणी विभागातले लोक, यांच्यासाठी.

भोसरी एमआयडीसीत माझा मशिनिंग आणि फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे. पोट भरते ते गाड्यांच्या सुट्या भागांवर. अंतराळाचे काम एका मोठ्या कंपनीमार्फत जॉबवर्क म्हणून येते. फाइव्ह-ॲक्सिस मशीन (पाच दिशांनी फिरून धातू कापणारे) घ्यायचे म्हटले की बँक दारात उभी राहते, कारण मशीन तारण ठेवता येते. त्याच मशीनवरच्या ऑपरेटरला दोन महिने शिकायला पाठवायचे म्हटले की कुणी दारात येत नाही. माणूस तारण ठेवता येत नाही.

हे शिकणे म्हणजे काय, ते एका कामावरून सांगतो. उपग्रहाच्या इंधनाच्या टाक्या बहुधा टायटॅनियमच्या असतात. हा धातू तापला की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेतो आणि ठिसूळ होतो. म्हणून टिग वेल्डिंग (विजेच्या ठिणगीने, वायूच्या आडोशात जोडणे) करताना जोडावर वरून तर आर्गन वायू सोडावा लागतोच, शिवाय जोडाच्या आतल्या बाजूनेही सोडावा लागतो, आणि टॉर्च पुढे सरकली तरी मागचा जोड थंड होईपर्यंत त्यावर आर्गनचे पांघरूण राहावे लागते. जोड रुपेरी किंवा फिकट सोनेरी निघाला तर ठीक. निळा-जांभळा दिसला की शंका घ्यायची. राखाडी पडला किंवा वर पांढरी भुकटी धरली, तर जॉब सरळ भंगारात. आमच्याकडच्या सर्वांत कसलेल्या वेल्डरच्या स्टेनलेसच्या जोडावर बोट ठेवायला जागा नसते. तो टायटॅनियमवर पहिल्यांदा बसला तेव्हा त्याचे जोड निळे येत होते. हाताचा दोष नव्हता. ट्रेलिंग शील्ड, म्हणजे टॉर्चच्या मागून आर्गन सोडणारे झाकण, कशी धरायची, किती वेगाने ओढायची, हे शेजारी उभे राहून दाखवणारे कुणी नव्हते. व्हिडिओ पाहून, तुकडे जाळून तो शिकला. जाणता शिक्षक मिळाला असता तर हेच काम थोड्या दिवसांत झाले असते, आणि महागडा धातू वाचला असता.

सोल्डरिंगचेही तसेच. युरोपीय अंतराळ संस्थेच्या कामात सोल्डरिंग करणाऱ्याला त्या संस्थेने मान्यता दिलेल्या शाळेतून प्रमाणित व्हावे लागते. आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे प्रमाणपत्रही दोन वर्षेच चालते, मग पुन्हा परीक्षा. कागद नसेल तर माल कितीही सरस असो, ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. जागतिक अंतराळ व्यवसायात भारताचा वाटा आज सुमारे २ टक्के आहे आणि २०३३ पर्यंत तो ८ टक्क्यांवर न्यायचा, असे सरकारनेच ठरवले आहे. हा वाढीव माल घडवणार कोण, याचे उत्तर मला कुठल्याही घोषणेत ठळकपणे दिसलेले नाही.

परदेशात शिकून येण्याने काय साधते याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. सत्तरच्या दशकात फ्रान्सच्या एसईपी कंपनीशी झालेल्या करारात इस्रोने व्हायकिंग या रॉकेट इंजिनाचे तंत्र मिळवले, आणि त्याच्या बदल्यात १०० मनुष्य-वर्षांचे, म्हणजे शंभर माणसे वर्षभर करतील इतके, काम देऊ केले. आपले अभियंते फ्रान्समधल्या व्हर्नोंला जाऊन राहिले, त्यांच्याच कारखान्यात राबले आणि शिकले. त्यातून विकास इंजिन उभे राहिले. २०२३ मध्ये चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या रॉकेटच्या एका टप्प्यात अशी दोन इंजिने होती. याउलट क्रायोजेनिक (अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या) इंजिनाचे पाहा. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार दिला. आपण ते स्वतः केले, पण स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचे यशस्वी उड्डाण व्हायला जानेवारी २०१४ उजाडला. ज्यांनी ते केले त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. तरीही ‘आपल्याला बाहेरच्यांची गरज काय’ असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की वाट बंद असते तेव्हा डोंगर चढावाच लागतो. आज अनेक देशांची दारे उघडी आहेत.

दार उघडे म्हणजे काय, तेही पाहा. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने भारताबरोबरच्या अंतराळ प्रकल्पांसाठी आपल्या तीन कंपन्यांना १ कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दिले. त्यांतल्या एका कंपनीचा उपग्रह इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटने सोडायचा करार झाला आणि भारतीय कंपन्या तिच्या भागीदार झाल्या. तिथल्या सरकारने स्वतःच्या उद्योगाला भारताशी काम करायला पैसे दिले. तसाच निधी आपल्या लघुउद्योगाच्या हातात असेल तर समोरच्याशी बरोबरीने बोलता येईल. भागीदारीत प्रत्यक्ष काम काय असते, ते निसारवरून कळते. नासा आणि इस्रो यांनी मिळून केलेल्या, पृथ्वीचे निरीक्षण करणाऱ्या या उपग्रहाच्या अँटेनाचा १२ मीटर व्यासाचा परावर्तक विशेष लेपासाठी २०२४ मध्ये भारतातून कॅलिफोर्नियाला परत न्यावा लागला, आणि उड्डाण लांबून ३० जुलै २०२५ ला झाले. हस्तांदोलनाच्या फोटोत हे काम दिसत नाही, पण भागीदारी म्हणतात ती हीच.

निधी द्यायचा तर कसा, याबद्दल थोडे अनुभवाचे बोल. दहा माणसांच्या कारखान्यातला सर्वांत चांगला माणूस दोन महिने बाहेर गेला की त्याचे मशीन बंद पडते. म्हणून विमानाचे तिकीट आणि फी एवढ्यावर भागणार नाही. त्याचा पगार आणि बदली माणसाची मजुरी त्यात धरलीच पाहिजे. दुसरे, पैसे आगाऊ मिळावेत. ‘आधी खर्च करा, मग बिले सादर करा’ या पद्धतीच्या एका अनुदानात माझे पैसे इतके रखडले की पुढच्या योजनेचा अर्जच मी भरला नाही. शिकून आलेला माणूस सोडून गेला तर, ही भीती रास्त आहे. त्यावर दोन-तीन वर्षांचा बाँड करता येतो. अमेरिकेच्या निर्यात नियमांमुळे तिथल्या कारखान्यांत आपल्या माणसांना शिरकाव मिळणे अवघड आहे, तेव्हा सुरुवात फ्रान्स, जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलिया यांच्यापासून करावी. आणि आपण हात पसरून जात नाही. डेहराडूनला १९९५ पासून संयुक्त राष्ट्रांशी संलग्न केंद्रात आशियातले विद्यार्थी शिकतात. ‘उन्नती’ कार्यक्रमात इस्रोने परदेशी अभियंत्यांना छोटे उपग्रह जोडायला शिकवले. त्या बदल्यात आपल्या कामगारांसाठी जागा मागायला काय हरकत आहे?

सगळ्यांनाच परदेशी पाठवायला हवे असेही नाही. तिथले दोन शिक्षक वर्षभर इथे आणून ठेवले तरी शेकडो हात तयार होतील. छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम हे साचे-हत्यारे घडवायला शिकवणारे केंद्र जर्मन सरकारच्या मदतीने असेच उभे राहिले, आणि तिथून शिकलेली मुले आमच्या पट्ट्यात हातोहात उचलली जातात. अंतराळासाठी तसे केंद्र पुण्यात का नको? नारायणगावजवळच्या खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी करणारी एनसीआरए ही संशोधन संस्था इथे आहे. अनेक देश मिळून उभारत असलेल्या एसकेए या रेडिओ दुर्बिणीतल्या भारताच्या सहभागासाठी १,२५० कोटी मंजूर झाले, त्या कामाचे नेतृत्व याच संस्थेकडे आहे. आदित्य-एल१ या सूर्याच्या अभ्यासासाठीच्या यानावरची ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्याच आयुका या खगोलशास्त्र संस्थेने घडवली. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा छोटा उपग्रह २०१६ मध्ये पीएसएलव्हीने कक्षेत सोडला. वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे मोटर केसिंग (घन इंधन भरायचे पोलादी कवच) कित्येक दशके बनत आले आहेत. गुजरात आणि तमिळनाडू यांनी २०२५ मध्ये अंतराळ उद्योगाची स्वतंत्र धोरणे जाहीर केली, ती वाचताना मला आपल्या राज्याची काळजी वाटली.

पुण्यातल्या उद्योजकांची संघटना असलेल्या मराठा चेंबरने भोसरी, चाकण, तळेगावच्या कारखान्यांकडून प्रशिक्षणासाठी नावे मागवावीत, आणि पुण्याच्या खासदारांनी ती यादी घेऊन इन-स्पेसकडे जावे. आपल्या दैनिकाने हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा, ही विनंती. आमच्या कारखान्यातली दोन नावे मी आजच द्यायला तयार आहे.

आपला,
एक लघुउद्योजक
भोसरी, पुणे