कर्नाळ्याची चढण आणि उन्हाची वेळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कर्नाळा किल्ल्याची उंची ४०० मीटरांहून थोडीच अधिक असल्याने ‘दोन तासांत जाऊन येऊ’ म्हणत अनेकजण मार्च-एप्रिलमध्येही सकाळी उशिरा चढू लागतात. ही चढण छोटी असली तरी उभी आहे, आणि समुद्राकडील दमट हवेत घाम वाळत नसल्याने शरीर थंडच होत नाही. कोरड्या प्रदेशातील डोंगराची सवय असलेल्यांनाही हे लवकर उमगत नाही. गेल्या महिन्यात सुळक्याच्या पायथ्याशी, कातळात खोदलेल्या टाक्यांजवळ, एक कॉलेजकुमार ओठ पांढरे पडून बसला होता आणि त्याच्याजवळची अर्ध्या लिटरची बाटली वाटेतच संपली होती. आमच्याकडचे मीठ-साखरेचे पाणी घोटघोट दिल्यावर तो सावरला.

सुळक्यावर आग्यामोहोळे आहेत, त्यामुळे तेथे आरडाओरडा, धूर आणि उग्र अत्तर टाळायलाच हवे. ज्यांचे आजोबा या गडाचे किल्लेदार होते, त्या वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोण जवळच आहे. तेही जरूर पाहावे, पण गड पहाटे चढून, ऊन तापण्याआधी उतरल्यावर. प्रत्येकाजवळ किमान दोन लिटर पाणी असावे, आणि पायथ्याशी तसा ठळक मराठी फलक लावावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, पनवेल