वहीत नसलेला माठ

वर्धा, ३१ मे

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबांच्या गुडघ्यासाठी तुम्ही पुण्याला दादाकडे गेल्यापासून फोनवर इथल्या बागेचा विषय निघाला की बाबा सूचना देऊ लागतात, मागून आईचा आवाज येतो की आधी तिचे जेवण झाले का ते विचारा, आणि मी "सगळे ठीक आहे" असे सांगून मोकळी होते. सगळे ठीक नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दादाने ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि बाबांच्या जिवाला लागेल म्हणून मधली वाक्ये गाळू नयेत.

जे गेले ते आधी सांगते. मागच्या भिंतीवरचा दोडक्याचा वेल गेला, वांग्याची दोन झाडे गेली आणि पालकाचा अख्खा वाफा गेला. पालक मे महिन्यात टिकणारच नव्हता, तो मी हौसेने पेरला होता, त्यामुळे त्याचे मी मनाला लावून घेतलेले नाही. दोडका आणि वांगी मात्र उन्हाने गेली नाहीत, माझ्या हाताने गेली, आणि ती नेमकी कशी गेली हे कळल्याशिवाय बाबांना चैन पडणार नाही हे मला ठाऊक आहे.

२५ तारखेला नवतपा, म्हणजे ऐन उन्हाचे ते नऊ दिवस, लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास ऑफिसची मीटिंग आटोपून मी मागचे दार उघडले, तेव्हा सगळ्या बागेने माना टाकल्या होत्या. दोडक्याची पाने ओले फडके दोरीवर टाकावे तशी वेलावर लोंबत होती. मी घाबरले, अंगणात पसरलेला काळा पाइप उचलला आणि गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला. सकाळपासून उन्हात पडलेल्या पाइपातले पाणी किती तापले असेल, हा विचार पायावर पहिला शिंतोडा उडाला तेव्हा मनात आला, आणि तोवर ते पाणी दोडक्याच्या बुंध्याशी आणि पालकाच्या वाफ्यात पोहोचले होते. पालकाची पाने संध्याकाळपर्यंत शिजवल्यासारखी काळपट झाली. दोडक्याने तीन दिवस घेतले.

वांग्यांची हकिगत याहून लाजिरवाणी आहे, कारण ती घाईची चूक नव्हती, चिकाटीने केलेली चूक होती. दुपारी पाने मलूल दिसली की पाणी द्यायचे, असा नेम मी तीन दिवस पाळला, म्हणजे सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि पुन्हा संध्याकाळी. चौथ्या दिवशी बाबांची निळ्या पुठ्ठ्याची वही उघडली. एप्रिलच्या पानावर, शाईने दोनदा अधोरेखित केलेले वाक्य आहे: "दुपारी माना टाकतात. घाबरू नये. संध्याकाळी पाहावे." ऐन उन्हात पानांतून जेवढे पाणी उडते तेवढे मुळांना ओढता येत नाही, म्हणून झाड पाने खाली सोडते, उन्हासमोरचे अंगही त्यामुळे कमी होते, आणि ऊन कलले की तेच झाड आपोआप ताठ उभे राहते. पहाटे पाच वाजताही मान खालीच असेल, तर मात्र ते आजारी आहे. माझी दोन वांगी पहाटेही तशीच होती आणि बुडाशी माती ओली गच्च होती. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तिच्यात हवेला जागा उरत नाही आणि मुळे गुदमरतात, हे मी शाळेत असल्यापासून बाबांच्या तोंडून ऐकत आले आहे. झाडे उपटली तेव्हा मुळे तपकिरी झाली होती आणि बोटांत धरली की त्यांची साल सुटून येत होती.

आता वेळापत्रक सुधारले आहे. नळ एक दिवसाआड पहाटे साडेपाचला येतो, त्याच्या आधी मी उठते, वाफ्यात बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून पाहते आणि तिथे माती कोरडी लागली तरच पाणी देते. पाइप गुंडाळून कडुलिंबाच्या सावलीत ठेवते, आणि तरीही पहिली बादली बाजूला भरून घेते. एक दिवस गंमत म्हणून स्टीलच्या परातीत पाणी भरून ती वाफ्यांच्या मध्ये ठेवली आणि पट्टीने मोजले, तर चोवीस तासांत पाणी एक सेंटीमीटरहून जास्त खाली गेले. त्यातले थोडे बुलबुलांनी प्यायले असेल, पण हिशेब साधा आहे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजे उघड्यावर दर चौरस मीटरमागे दिवसाला दहा लिटर पाणी नुसते हवेत जाते. हे कळल्यापासून पाणी किती द्यायचे यापेक्षा दिलेले राखायचे कसे, याकडेच माझे लक्ष लागले आहे. मिरचीच्या वाफ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि घातलेले पाणी त्यांतून सरळ खाली उतरून मुळांना चुकवीत होते. खुरप्याने वरची दोन बोटे माती भुसभुशीत करून भेगा बुजवल्यावर फरक पडला. "एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी" हे बाबांचे वाक्य मी आजवर थट्टेने उच्चारीत असे.

कूलरचे पाणी झाडांना घाल, असा सल्ला शेजारच्या काकूंनी दिला होता. तो मी ऐकला नाही. आपल्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो, पाणी उडून जाते आणि क्षार टाकीतच राहतात, म्हणून ते पाणी कडुलिंबाच्या बुडाशी टाकते. तो एवढ्याने डगमगणार नाही. काकूंना मात्र हे सांगितलेले नाही.

सावलीसाठी पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट आणून चार बांबूंवर बांधली. पहिल्या दिवशी ती इतकी खाली बांधली की दुपारच्या झळांनी फडफडून तिने भेंडीचे दोन शेंडे मोडले, मग ती डोक्याच्या वर चढवली. वरून ऊन अडले, पण पश्चिमेचे ऊन तिरपे शिरून चार ते सहा या वेळात टोमॅटोंना भाजत होते. आई, त्या बाजूला मी तुझे जांभळ्या काठांचे जुने सुती लुगडे बांधले आहे. ते तू गोधडीसाठी ठेवले होतेस हे मला आठवते. परवानगी मागितली असती तर तू "बांध" म्हणाली असतीस आणि मग आठवडाभर त्याबद्दल बोलली असतीस, म्हणून मागितली नाही. बाबांचे पांढरे धोतर अधिक चांगले चालले असते, पण त्याला हात लावण्याची हिंमत माझ्यात नाही.

टोमॅटोंना फळ धरणे थांबले आहे. फुले येतात आणि देठापासून गळून पडतात, कारण दिवसा पारा पस्तिसाच्या पुढे आणि रात्रही उकाड्याची असली की परागांत जीव राहत नाही, आणि सध्या रात्री दोन वाजताही भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. आधी धरलेली फळे लाल न होता पिवळट-नारिंगीच राहतात, कारण टोमॅटोचा लाल रंग फार उष्णतेत तयार होत नाही. म्हणून रंग फिरू लागला की मी ती तोडून स्वयंपाकघरात पिण्याच्या माठाशेजारी ठेवते, तिथे ती लाल होतात आणि बुलबुलांपासूनही वाचतात. काकडीच्या वेलाला सगळी नर फुले आहेत. मिरचीच्या एका झाडाला पाने आकसवणारा बोकड्या रोग झाला होता, ते उपटून टाकले. वांग्याच्या पानांखाली लाल कोळी दिसला, बारीक जाळे आणि त्यावर तिखटाचे कण सांडल्यासारखे ठिपके. वहीत लिहिल्याप्रमाणे पानांच्या खालून पहाटे जोरात पाणी मारते आहे आणि तो आटोक्यात आहे. निंबोळी अर्क संध्याकाळीच फवारते, कारण उन्हात फवारला तर पाने करपतात, हेही वहीत आहे. भेंडी, गवार आणि चवळी यांच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, ती मजेत आहेत.

आता कारल्याबद्दल. बाबा, तुमच्या वहीत कारल्याची पेरणीची तारीख आहे, शेणखत किती टोपल्या घातले ते आहे, मांडवाला तार किती लागली तेही आहे. पण इतक्या उन्हात सगळ्या बागेत तोच एक वेल इतका गर्द हिरवा का, दुपारी बारा वाजतासुद्धा त्याची पाने जेमतेम कोपऱ्यांना का वळतात, याचे उत्तर वहीत कुठेच नव्हते. परवा आळ्यातला पाला उपसताना हाताला एक मातीची ताटली लागली. तिच्याखाली माठाचा गळा होता. मला वाटले, फुटका माठ कोणीतरी पुरून टाकला असावा, आणि तो उपटून काढावा म्हणून मी बाजूची माती उकरू लागले. चार बोटे खाली गेले आणि हात थांबला. माठाच्या पोटाभोवती कारल्याच्या पांढऱ्या, केसांसारख्या मुळांची जाळीच्या जाळी विणली गेली होती, इतकी दाट की माठाचा रंग दिसत नव्हता, आणि तिच्याखालची माती थंड होती. माठ रिकामा होता. मी येऊन सतरा दिवस झाले, त्यात एकदाही तो भरला गेला नव्हता, आणि वेल बहुधा आळ्यात मी ओतलेल्या पाण्यावरच तग धरून होता. मी माती जशीच्या तशी लोटली, माठ गळ्यापर्यंत भरला आणि ताटली पुन्हा झाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर पाणी अर्ध्यावर आले होते. मातीच्या माठातून पाणी झिरपते, माती जेवढी कोरडी तेवढे जास्त झिरपते, आणि सगळे मुळांशीच जाते. उन्हाला त्यातले काहीच मिळत नाही.

हे आईचे काम आहे, हे मला विचारावेही लागले नाही. त्यानंतर मी बाग पुन्हा नव्याने पाहिली. भेंडीच्या ओळीत तुरीच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा, वीतभर थर आहे, म्हणूनच तिथली माती मिरचीच्या वाफ्यासारखी फाटलेली नाही. मोरीच्या बाहेर ती निळी बादली कायम का असते, तर तांदूळ-डाळ धुतलेले पाणी कढीपत्त्याला जावे म्हणून. कोथिंबिरीची कुंडी कूलरच्या मागे आहे, ती तिथे विसरून राहिलेली नाही. बाबा, तुमची वही फार चांगली आहे आणि तिने माझी उरलेली वांगी वाचवली, पण तीत बागेचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग आईने कधी कोणाला सांगितला नाही आणि आपण तिघांपैकी कोणी विचारलाही नाही. तेव्हा आई, संध्याकाळी फोन करीन तेव्हा बाबांना दहा मिनिटे बाहेरच्या खोलीत बसवून तू एकटीने मला सांग: माठ किती दिवसांनी भरायचा, आणखी कुठे माठ पुरले आहेत का, आणि कुटार पाऊस पडल्यावर काढायचे की तसेच कुजू द्यायचे.

दुसरी गोष्ट बाबांसाठी. दादा म्हणाला की तुम्ही पाच जूनच्या तिकिटांची चौकशी करीत आहात. कृपा करून ती करू नका. दादा ज्या बातम्या पाठवतो त्या मी सगळ्याच खऱ्या मानत नाही. २०२४ च्या मे महिन्यात नागपुरात ५६ अंश झाल्याची बातमी आली होती आणि नंतर हवामान खात्याने तो यंत्रातला बिघाड असल्याचे सांगितले. पण २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली ती खरी होती, आणि त्या दिवशीच्या पानावर तुम्ही स्वतः लिहिले आहे: "फक्त पाणी. फिरणे बंद." तेव्हा तुमचे दोन्ही गुडघे स्वतःचे होते. वय वाढले की तहान वेळेवर लागत नाही आणि अंग तापल्याचे उशिरा कळते. भुसावळ सुटले की डब्याचा पत्रा कसा तापतो हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि नव्या गुडघ्याने रात्रभर त्यात बसून यावे असे इथे काहीही अडलेले नाही. मृग आठ तारखेच्या आसपास लागेल, पण मृग लागला म्हणजे पाऊस आला असे नव्हे. विदर्भात तो साधारण जूनच्या मध्यावर येतो. डॉक्टरांनी सांगितलेले सहा आठवडे पूर्ण होऊ द्यावेत, इकडे दोन चांगले पाऊस पडू द्यावेत, आणि मग दादाने दोघांना आणून सोडावे. दोडक्याच्या जागी काय लावायचे ते मी तुम्ही आल्यावरच ठरवीन. तोवर ती जागा मोकळी ठेवते.

शेजारच्या काकांचा मुलगा रविवारी पुण्याला निघतो आहे. त्याच्याबरोबर दीड किलो भेंडी, थोडी गवार आणि सहा कारली पाठवीत आहे. भेंडी कागदात गुंडाळली आहे, आल्याबरोबर उघडावी. माझी काळजी करू नये. दुपट्टा बांधल्याशिवाय मी बाहेर पडत नाही, कांदा खिशात ठेवते, आणि पन्हे रोज करते.

दोघांना पुन्हा नमस्कार. दादा-वहिनींस सप्रेम नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, बियांच्या डब्यांपैकी दोन डब्यांवरची चिठ्ठी गळून पडली आहे. दोन्हींत चपट्या बिया आहेत, एकातल्या काळपट आणि मोठ्या, दुसऱ्यातल्या फिकट आणि लहान. त्यांतले ढेमसे कोणते?