वसुलीवाल्याच्या फेरीचे पैसे आम्ही का द्यायचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हप्ता चुकला की दंड बसणार, त्याबद्दल रडगाणं नाही. पण हल्ली फायनान्स कंपन्यांचा वसुलीवाला दारात येतो आणि त्याच्या येण्याचे पैसे पण कर्जदाराच्याच खात्यात टाकतात, हे काही पटत नाही म्हणून लिहितोय.

आमच्या धायरीतल्या सोसायटीत एक मुलगा डिलिव्हरीचं काम करतो, गाडी लोनवर घेतलेली. पाय फ्रॅक्चर झाला आणि एक ईएमआय बाउन्स गेला. इकडे बँकेने रिटर्नचे पैसे कापले, तिकडे कंपनीने बाउन्स चार्ज लावला, वर पीनल चार्ज (हप्ता चुकल्याचा दंड), त्याच्यावर जीएसटी, आणि सगळ्यात खाली 'विझिट चार्ज 590'. म्हणजे 500 आणि वर 18 टक्के. विझिट काय, तर एजंट पार्किंगमध्ये येऊन वॉचमनला चार प्रश्न विचारून गेला, मुलगा तेव्हा हॉस्पिटलात! उद्या घरमालक भाडं मागायला रिक्षाने येईल आणि मीटरचे पैसे पण भाडेकरूकडून घेईल.

मी थोडी शोधाशोध केली. 1 ऑक्टोबर 2024 पासून नवीन रिटेल लोन देताना की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाचे दर आणि सगळे चार्ज एका जागी लिहिलेला कागद) द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत, आणि त्यात जो चार्ज लिहिलेला नाही तो नंतर त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. या मुलाच्या कागदात विझिट चार्जचा उल्लेखच नव्हता (कागद इंग्रजीत होता ते वेगळंच, शोरूममध्ये सह्या करताना कोण वाचतो म्हणा). आणि पीनल चार्जवर जीएसटी लागत नाही हे सरकारने जानेवारी 2025 मध्ये परिपत्रक काढून सांगितलंय, तरी लावलाच.

अ‍ॅपवरून घेतलेल्या कर्जाला रिझर्व्ह बँकेने चांगला नियम केलाय, की वसुली एजन्सीची फी कर्ज देणाऱ्याने स्वतः भरायची, एजन्सीने कर्जदाराकडून घ्यायची नाही, वसूल केलेल्या रकमेतून परस्पर कापायची पण नाही. मग शोरूममध्ये बसून घेतलेल्या कर्जाला हे इतकं स्वच्छ का नाही? तिथे चार्ज कागदात छापला की झालं, आणि छापणारे छापतातच. एजंट आम्ही बोलावला नाही, त्याचा रेट आम्ही ठरवला नाही, त्याला कमिशन कंपनी देते. सगळ्याच कर्जांना एकच नियम लावा, एवढंच म्हणणं आहे.

त्या एजंट पोरांवर माझा राग नाही. गावाकडून आलेली, नऱ्हे-आंबेगावात कॉट बेसिसवर राहणारी मुलं, वसुली झाली तर पैसे नाहीतर पेट्रोल पण अंगावर. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. पण ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र मागा, हातात कॅश देऊ नका, दिलीच तर पावती घ्या. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत हे पण माहीत असू द्या, नातेवाईकांना फोन करून बदनामी तर बिलकुल नाही.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी करायची, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी), फी काही नाही. हेल्पलाइन 14448. आपल्या पेपरात एका कोपऱ्यात हा नंबर अधूनमधून छापला तर बरं होईल.

सोसायटीतल्या त्या मुलाने मेल टाकला तेव्हा कंपनीने 590 परत केले, वर लिहिलं की 'गुडविल म्हणून'. गुडविल कसलं, पैसे त्याचेच होते! पीनल चार्जवरच्या जीएसटीबद्दल मात्र अजून एक अक्षर नाही, आता ते लोकपालाकडे टाकतोय.

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे