मोल्दोवाच्या कृषिमंत्र्यांना नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातून खुले पत्र

मा. कृषिमंत्री,
मोल्दोवा प्रजासत्ताक, किशिनाउ

स.न.वि.वि.

मार्च 2022 मध्ये तुमच्या देशाने युरोपीय संघाकडे सदस्यत्वासाठी अर्ज केला आणि जून 2024 मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. 2025 ते 2027 या काळासाठी संघाने सुमारे 1.9 अब्ज युरो मंजूर केले आहेत. त्यातला मोठा भाग कर्ज आहे. म्हणून कळकळीची विनंती आहे, की फळबागांच्या वाट्याला जे येईल त्यातून आधी रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेले औषधांचे अंश, तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि प्लॉटवार नोंदणी उभी करा.

2010 च्या हंगामात भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, कारण मालात सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, सापडलं. हे वाढरोधक खरड छाटणीनंतर, म्हणजे माल निघाल्यावरच्या छाटणीनंतर, नव्या फुटींवर वापरतात. तेव्हा वेलीवर घडसुद्धा नसतो. तरीही अंश खोडात, काड्यांत राहिला आणि पुढच्या मालात उतरला. ग्रेपनेट या सरकारी प्रणालीत निर्यातीच्या बागांची नोंदणी 2006 पासून चालू होती, नमुने पास होत होते, पण तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हतंच! तुमची यादी फवारणीच्या वहीवरून नको, युरोपच्या मर्यादांवरून बनवा. ज्या रसायनाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम हीच मर्यादा लागते. नमुना प्रयोगशाळेच्या माणसानेच, काढणीपूर्वी, बागेत येऊन घ्यावा. बागायतदाराने पाठवलेल्या नमुन्यावर भरवसा ठेवू नये.

तुमच्या देशाची निम्म्याहून अधिक एकूण निर्यात आजच युरोपीय संघात जाते. सदस्य झालात की सीमेवरची तपासणी संपेल, पण तो धोकाही आहे. सदोष माल मग सीमेवर अडणार नाही, थेट दुकानात सापडेल आणि संघाच्या अन्नसुरक्षा इशाऱ्यात देशाचं नाव येईल. त्यात एका बागेमुळे सगळ्यांचा भाव पडतो.

बोर्डोचाही, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीचाही, हिशेब आत्तापासून ठेवायला लावा. संघात तांब्याची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी 28 किलो आहे. पावसाळी वर्षात डाउनी हा बुरशीचा रोग आला की हात सैल सुटतो, आणि पुढच्या वर्षांचा कोटा आधीच संपतो.

राहिला शीतगृहांचा प्रश्न. तुमची ‘मोल्दोवा’ ही काळी, उशिरा पिकणारी जात टिकाऊ आहे. काढणीनंतर काही तासांत प्रीकूलिंग करून, म्हणजे माल झटपट थंड करून, आणि पेटीत ग्रेप गार्ड हा बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा कागद घालून 0 ते 1 अंशाला ठेवली तर ती हिवाळ्यात विकता येते. एकेकट्या लहान बागायतदाराला हे परवडत नाही. गावागावांच्या गटांना सामायिक पॅकहाउस, म्हणजे माल निवडून पेट्या भरण्याची शीतगृहासह जागा, द्या, अनुदान यंत्रांबरोबर वीजबिलालाही द्या. हंगामात वीजबिल थकलं की शीतगृह बंद पडतं.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष निर्यात सल्लागार