शेगडीऐवजी खिडकीतली सौर पेटी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी वाढली की बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी मृतावस्थेत सापडल्याच्या बातम्या उत्तर भारतातून येऊ लागतात आणि आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर त्या चार ओळींत छापल्या जातात. खानापूर-आटपाडी भागातील वाचकांनी तरी या बातम्या परक्या समजू नयेत, कारण सोने-चांदी गलाईच्या, म्हणजे ती वितळवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त आपल्याकडची हजारो कुटुंबे देशभर पसरली आहेत आणि त्यांतली अनेक थंड मुलखात राहतात. आमचे बिऱ्हाड शिमल्यात आहे. इथे जानेवारीत दुपारचे तापमानही जेमतेम 10 अंशांच्या आसपास असते. पुरुष माणसे दुकानात भट्टीजवळ असतात. घरात गारठतात त्या बायका, लहान मुले आणि म्हातारी माणसे, आणि म्हणून शेगडी रात्रीपुरती न राहता सकाळपासूनच पेटते. कोळसा अर्धवट जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होऊन झोप यावी, तसे माणसाला वाटते आणि सावध होण्याची वेळ निघून जाते.

निदान दिवसाची शेगडी बंद करता येते, आणि तीही सुताराकडून करून घेतलेल्या, उन्हावर खोलीची हवा तापवणाऱ्या एका पेटीने, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पहाडातल्या हिवाळ्यात, मैदानातल्यासारखे धुके नसल्याने, अनेक दिवस आकाश स्वच्छ असते. हे ऊन काचेमागच्या काळ्या पृष्ठभागावर पडले की तो तापतो, त्याला लागलेली हवा गरम होऊन वर चढते आणि तिच्या जागी थंड हवा येते. अमेरिकेत सेलम येथील एडवर्ड मोर्स यांनी याच तत्त्वावर घर तापवण्याच्या रचनेचे पेटंट 1881 मध्ये घेतले होते. फ्रान्समध्ये फेलिक्स ट्राँब यांनी 1967 मध्ये ओदेइयो येथे काळ्या भिंतीपुढे काच लावलेले घर उभे केले, आणि लडाखमध्ये लेहजवळ फ्ये येथील सेकमोल या शिक्षणसंस्थेच्या इमारती आज उन्हावरच ऊबदार राहतात. शिमल्यातही हिमाचल प्रदेश राज्य सहकारी बँकेची इमारत सौर उष्णतेचा विचार करून बांधलेली आहे. मात्र भिंतीची रचना बदलणे भाड्याच्या घरात शक्य नसते. खिडकीला लावायची पेटी भिंतीला धक्का न लावता बसते आणि घर सोडताना उचलून नेता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

आमची पेटी इथल्याच सुतारमिस्त्रींकडून करून घेतली. ती दीड मीटर लांब, साठ सेंटीमीटर रुंद आणि प्लायवूडची आहे. तिचे वरचे तोंड दक्षिणेच्या खिडकीच्या उंबऱ्यावर टेकते आणि खालचे टोक भिंतीपासून दूर, जमिनीजवळ येते, म्हणजे पेटी 45 ते 50 अंशांत तिरकी राहते; हिवाळ्यातला खाली उतरलेला सूर्य तिला जवळजवळ समोरून भेटतो आणि बर्फही काचेवर फारसे टिकत नाही. वर 4 मिलिमीटरची काच आहे. आत मधोमध एक फळी उभ्या लांबीत बसवून पेटीचे वरचा आणि खालचा असे दोन कप्पे केले आहेत, आणि ही फळी तळापर्यंत न नेता तिथे हवा वळायला जागा सोडली आहे. फळीच्या वरच्या बाजूला पत्रा असून त्याला शाळेच्या फळ्याला लावतात तो, चकाकी नसलेला काळा रंग दिला आहे. खोलीतली थंड हवा खालच्या कप्प्यातून उतरते, तळाशी वळते आणि तापलेल्या पत्र्यावरून वर चढत खोलीत येते. दोन्ही कप्पे सुमारे 10 सेंटीमीटर खोल हवेत. अरुंद ठेवले तर हवा रेंगाळते आणि पंख्याशिवाय काम होत नाही.

सूर्य मावळल्यावर काय, असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पेटी खिडकीच्या खाली असल्यामुळे रात्री तिच्यात थंड झालेली हवा जड होऊन तळाशीच बसून राहते आणि खोलीतली ऊब बाहेर ओढली जात नाही. भिंतीवर उभ्या लावलेल्या पेट्यांना यासाठी झडप लागते, हिला लागत नाही. तरीही संध्याकाळी आतून पाट लावून तोंड बंद करावे आणि जाड पडदा ओढावा.

काही गोष्टींत मात्र काटकसर किंवा घाई करू नये. पत्र्याखाली आणि बाजूंना उष्णतारोधक म्हणून थर्मोकोल वापरण्याचा मोह होतो, कारण ते स्वस्त असते. पण हवा वाहणे थांबले तर भर उन्हात पेटीच्या आतले तापमान इतके चढू शकते की थर्मोकोल मऊ पडून आक्रसते. तिथे काचलोकरच (ग्लास वूल) हवी, आणि तिचे तंतू श्वासातून जाऊ नयेत म्हणून ती पूर्ण झाकून घ्यावी. दुसरे म्हणजे रंग. नव्या रंगाचा उग्र वास ऊन लागताच बाहेर पडतो, म्हणून पेटी खिडकीला जोडण्यापूर्वी काही दिवस मोकळ्यावर उन्हात तापू द्यावी. खिडकी आणि पेटी यांच्यातल्या फटी सिलिकॉनने आणि रबरी पट्टीने बुजवल्या नाहीत, तर मिळालेली ऊब तिथूनच निघून जाते. काच आणि पत्रा भंगारवाल्याकडून मिळाल्याने आमचा सगळा खर्च तीन हजारांच्या आत बसला.

ही पेटी किती ऊब देते, हेही स्पष्ट सांगायला हवे. सुमारे 0.9 चौरस मीटर काचेतून स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण दीड युनिट विजेइतकी उष्णता मिळेल, म्हणजे 2000 वॉटचा हीटर पाऊण तास चालवावा इतकी. एवढ्यावर सगळे घर तापणार नाही. पण ज्या एका खोलीत माणसे दिवसभर वावरतात, ती खोली दार लावून ठेवली तर दुपारपर्यंत अंगावरची शाल उतरवण्याइतकी उबदार होते. आमच्या सासूबाई सकाळी दहानंतर त्या खिडकीपाशी बसतात आणि पेटीच्या वरच्या तोंडाशी हात धरून हवा येते की नाही ते पाहतात. त्यांच्या संधिवातासाठी अन्यथा दिवसभर शेगडी लागत असे. ढगाळ आणि बर्फाच्या दिवशी पेटीचा उपयोग नाही. तेव्हा धुराडे असलेला तंदूरच, म्हणजे इथली खोली तापवायची बंद चूल, पेटवावा आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी. रात्री गरम पाण्याची पिशवी आणि दुलई पुरते. उन्हाळ्यात पेटी काढून ठेवावी किंवा ताडपत्रीने झाकावी.

महाराष्ट्रात या पेटीची गरज नाही, असे माझे मत आहे. निफाडचा पारा पहाटे कितीही उतरला तरी दुपारी बाहेरची हवा घरापेक्षा उबदार असते आणि तिथे नुसती खिडकी उघडणे पुरेसे आहे. तसेच दक्षिणेकडे खिडकी नसेल किंवा समोर देवदाराची दाट सावली असेल, तर पहाडातल्या माणसानेही यावर पैसे घालू नयेत.

उत्तरेतल्या मराठी मंडळांनी आपल्या शहरातल्या एखाद्या सुताराकडून एक पेटी करवून घेऊन ती कार्यालयाच्या खिडकीला लावावी, म्हणजे नव्याने आलेल्या कुटुंबांना ती प्रत्यक्ष पाहता येईल. आणि संपादक महोदय, शेगडीने घेतलेल्या बळींची पुढची बातमी छापताना तिच्याखाली खिडकी उघडी ठेवण्याची सूचना आणि या पेटीची साधी आकृती अवश्य द्यावी, ही विनंती. आकृती हवी असल्यास मी हाताने काढून पाठवीन.

आपली विश्वासू,
एक वाचक, शिमला
(मूळ गाव तालुका खानापूर, जिल्हा सांगली)